अडचणीचा परवाना

९ फेब्रुवारी

ही वही ट्रिनाने पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत म्हणते, "रोज दोन ओळी लिहीत जा, डॅड. काय खाल्लंस, कोण आलं, एवढं लिहिलंस तरी पुरे."

काय खाल्लं: डब्यातला घेवडा. कोण आलं: कोणी नाही.

झाल्या दोन ओळी.

१४ फेब्रुवारी

पाऊस लागून राहिलाय. रस्त्यापासून घरापर्यंत नुसता राडा. दुपारी रेडिओ लावला, तर त्यावरही पावसाच्याच बातम्या. बंद केला.

संध्याकाळी ट्रिनाचा फोन आला. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून ती बॉयसी शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. एका दातांच्या डॉक्टरांचं हिशेबाचं काम घरूनच करते, म्हणजे ते कुठूनही करता येतं. इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली, "डॅड, तुझी एवढी पाच एकर जागा पडून आहे. घराच्या मागे एखादा ट्रेलर ठेवता येईल का? राहायचा ट्रेलर, चाकांवरचं घर."

"कोणासाठी?"

मग म्हणाली, "माझ्यासाठी म्हण."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीपाशी उभा होतो. पोरीला हे मागताना किती जड गेलं असेल! आईवर गेलीय. आर्डिसलाही कधी सरळ काही मागता यायचं नाही. घरातच राहायला ये म्हटलं, तर म्हणते, "एका छपराखाली आपण दोघं आठवड्यात एकमेकांची डोकी फोडू." हे मात्र खरं आहे.

जागा आहे. मागचा उतार संपतो तिथे सपाट आहे, ऊनही येतं. मी का नाही म्हणू?

२० फेब्रुवारी

ट्रेलरचं विचारायला काउंटीच्या परवान्यांच्या कचेरीत गेलो होतो. खिडकीमागे ब्रायस नावाचा एक दाढीवाला तरुण बसतो. वागायला नम्र आहे. इतका नम्र, की भांडणच करता येत नाही.

"एका जागेवर एकच घर, सर."

"जमीन माझी आहे. बायको आणि मी मिळून घेतलेली. खरेदीखत गाडीत आहे, आणू?"

"जमीन तुमचीच आहे, सर. नियम काउंटीचा आहे."

मी उठणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "एक वाट आहे. जागेवर राहणाऱ्या माणसाला वयामुळे किंवा आजारामुळे देखभालीची गरज असेल, तर देखभाल करणाऱ्यासाठी तात्पुरता ट्रेलर ठेवता येतो. आम्ही त्याला अडचणीचा परवाना म्हणतो. डॉक्टरांचं पत्र लागेल. जागेची मोजणी करून घ्यावी लागेल, ट्रेलर हद्दीपासून तीस फूट आत हवा. सेप्टिक टाकीची तपासणी. आणि आम्ही शेजाऱ्यांना नोटीस पाठवू, त्यांची हरकत नसली पाहिजे."

मला कसली आलीय देखभाल, असं ओठांवर आलं होतं. आवरलं.

"आणि हा परवाना किती दिवस चालतो?"

"दर वर्षी नवा करायचा, सर. गरज संपली की ट्रेलर हलवायचा."

गाडीत बसल्यावर एकटाच हसलो. म्हणजे कागदावर मी दुखणाईत व्हायचं आणि कागदावर ट्रिनाने माझं करायचं. आयुष्यभर करवतींना धार लावली, सॉ मिलमध्ये एक दिवस रजा घेतली नाही, आणि आता आजारपण काढायचं ते वशिल्याचं. असू दे. पोरीला घर मिळतंय.

फोनवर ट्रिनाला सांगितलं. तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुला चालेल, डॅड? असं लिहून दिलेलं?"

"अगं, कागद तो. कागदाला काय कळतंय!"

"बरं," ती म्हणाली. नाक ओढत होती. तिकडे थंडी फार.

३ मार्च

दुकानातून येताना वळणावर भल्यामोठ्या शिंगांचा एल्क आडवा आला आणि गाडी चरात गेली. मला काही लागलं नाही. शेजारचा लोवेल कीफर ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्याने गाडी ओढून काढली. पूर्वी तो लाकडाचे ओंडके वाहायचा ट्रक चालवायचा, आता शेळ्या पाळतो. आमच्या दोघांत एक कुंपण आणि चाळीसेक वर्षांचा शेजार आहे.

"कुठल्या बाजूने आला एल्क?" त्याने विचारलं.

"तुला काय करायचंय? लग्न लावायचंय का त्याचं?"

"नाही रे, सहज." आणि चिखलाकडे बघत राहिला. चाकांचे माग तेवढे होते. एल्क म्हणजे काय हत्ती आहे, की जाईल तिथे खड्डे पाडेल?

रात्री जेवतोय तोच ट्रिनाचा फोन. पहिलाच प्रश्न, "गाडी ठीक आहे ना?" मी तिला यातलं काही बोललो नव्हतो. बापाच्या मनातलं पोरीला बरोबर कळतं. आर्डिस म्हणायची ते खरं.

११ मार्च

डॉक्टर लिनकडे गेलो. जाताना जरा धाकधूक होती. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या डॉक्टरला खोटं पत्र कसं मागायचं? पण फार बोलावंच लागलं नाही. परवान्याचं म्हटल्यावर बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "मिस्टर हॅलक, बरं झालं तुम्ही आपणहून आलात."

मग रीतीप्रमाणे तपासणी. पाच शब्द सांगितले, दुसऱ्याच गप्पा मारल्या आणि मग म्हणाल्या, ते शब्द सांगा. मला दोन सांगता आले. उरलेले तीन मुद्दाम गाळले असं ठरवून टाकलं. उलट बरंच झालं, आपल्या कामाचं.

पत्र लिहून दिलं. पाकीट बंद करून दिलं, म्हणाल्या, कचेरीतच उघडू दे. आणि निघताना माझा हात दोन्ही हातांत धरला. चांगली बाई आहे. माझ्यासाठी, माझ्या पोरीसाठी एवढं खोटं लिहायचं म्हणजे काही थोडं नाही.

१२ मार्च

स्वयंपाकघरात जळका वास भरलाय. नव्या भांड्यांची बुडं पातळ असतात.

२ एप्रिल

मोजणीवाली आली! ॲनेट यबारा. पन्नाशीची असेल. टोपी, गुडघ्यापर्यंत बूट, खांद्यावर यंत्राची काठी. मी सकाळी मोठं भांडं भरून कॉफी करून ठेवली होती आणि दुकानातून दालचिनीचे रोल आणले होते. तिने उभ्या उभ्या अर्धा कप घेतला.

"बसा की," मी म्हटलं.

"उजेड आहे तोवर काम उरकते, मिस्टर हॅलक."

दिवसभर तिच्यामागे हिंडलो. जुन्या मोजणीच्या लोखंडी सळया जमिनीत कुठेतरी गाडलेल्या असतात. ती यंत्र फिरवते, यंत्र किरकिर करतं, मग ती फावड्याने माती उकरते, आणि खाली सळई असते. चारही कोपरे सापडले. वायव्येचा कोपरा मी सांगितला त्याच्या बऱ्याच अलीकडे निघाला.

"मी तर समजत होतो, त्या देवदारापर्यंत जमीन माझी आहे," मी म्हटलं.

"झाडं दिसायला बरी असतात, पण ती साक्ष देत नाहीत." हसली. तिच्या सगळ्या दिवसातलं तेवढंच हसणं.

हद्दीवर आणि ट्रेलर येईल त्या चार कोपऱ्यांवर तिने लाकडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांना गुलाबी फिती बांधल्या. जाताना बजावून गेली, "काउंटीची माणसं बघून जाईपर्यंत यांना हात लावू नका. परत मोजायला लागलं तर तुमचाच वेळ जाईल."

ती गेल्यावर अंगण फार मोठं वाटायला लागलं. उरलेला रोल मी खाल्ला. खिडकीतून फिती हलताना दिसतात. एकदम बघितलं तर वाटतं, मागे कोणीतरी आलंय.

१७ एप्रिल

लोवेल पत्ते खेळायला आला होता. तोच जिंकला. ट्रिना येणार म्हणून सांगितलं, तर फारसा चकित झाला नाही. "बरं होईल," म्हणाला.

"तिचे एकटीचे फार हाल आहेत रे," मी म्हटलं.

"एकट्याचे हालच असतात," तो म्हणाला आणि पत्ते पिसायला लागला.

२६ एप्रिल

आज अंगात चांगला जोर होता. मागच्या सगळ्या काटेरी झुडपांचा निकाल लावला. ट्रिना येईल तेव्हा साफ दिसलं पाहिजे. आडवंतिडवं, उभं, पडलेलं जे काही होतं ते गोळा करून लाकडांच्या शेडमध्ये नीट रचलं. चूल पेटवायला बारीक लाकडं बरीच झाली. पाठ मोडली, पण गाढ झोप लागली.

५ मे

खुंट्या गेल्या! एकही जागेवर नाही. हद्दीवरची नाही, ट्रेलरच्या जागेवरची नाही. फितीचा तुकडासुद्धा नाही.

मी दोनदा सगळं फिरून आलो. मग डोकं चाललं. वायव्येचा कोपरा. ॲनेटने मोजल्यावर तो अलीकडे निघाला, म्हणजे पलीकडची जमीन लोवेलची. त्याला आणखी हवी असणार. खुंट्याच नसल्या तर कोण काय सांगणार? किंवा त्याला ट्रेलरच नको असेल डोळ्यांसमोर.

तसाच त्याच्या फाटकाशी गेलो. तो शेळ्यांना चारा टाकत होता.

"खुंट्या कुठे आहेत माझ्या?"

"कसल्या खुंट्या?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस, लोवेल. चाळीस वर्षं ओळखतो तुला."

"मग तर तुला माहीत पाहिजे." त्याने बादली खाली ठेवली. "चल ऑरिन, आपण दोघं शोधू. तुझ्या शेडमध्ये बघितलंस?"

माझ्या शेडमध्ये! चोर तो, आणि झडती माझ्या घराची. मला जे तोंडात आलं ते बोललो. त्याच्या मेलेल्या बायकोचंही नाव काढलं. ते नको होतं काढायला. तो बादली उचलून आत गेला. त्याने उलट चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

९ मे

ॲनेट यबारा परत आली. फोनवर मी तिला सगळी चोरी सांगितली होती. मी बोललो तेवढं तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, "फावडं गाडीत राहिलं. तुमचं घेऊ का? शेडमध्ये असेल ना?"

गेली, ती पाच-सात मिनिटं आलीच नाही. मी हाक मारली तेव्हा खुंट्यांचा भारा कुशीत घेऊन बाहेर आली आणि सरळ कामाला लागली.

"या कुठून आणल्या?"

"होत्या," ती म्हणाली.

गाडीतून आणल्या असणार. जुन्याच होत्या, टोकांना माती लागलेली, फितीही चुरगळलेल्या. या लोकांनाही काटकसर करावी लागते.

"शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करू का?" मी विचारलं.

तिने हातातला हातोडा थांबवला. "मिस्टर हॅलक, मी बावीस वर्षं खुंट्या ठोकतेय. खुंट्या जातात. हरणं पाडतात, माणसं गवत काढताना उपटतात, कोणाच्या लक्षातही राहत नाही. शेजाऱ्याशी मात्र बोला तुम्ही. मिस्टर कीफरच ना? चांगले वाटले मला."

आज मात्र खुर्चीत बसून पूर्ण कप कॉफी घेतली. नवरा, मुलं, काही विचारलं नाही मी. तिनेच मला विचारलं, मुलगी कधी येणार. लवकर येऊ दे, म्हणाली. या खेपेचे पैसेही घेतले नाहीत.

लोवेलकडे गेलो नाही. काय तोंडाने जाऊ? आणि मी का जाऊ? खुंट्या त्याने नेल्या.

हरणांनी नेल्या असतील तर?

२३ मे

कोणी नाही. घेवडा.

३० मे

लोवेलच्या घरात दिवा दिसतो. पूर्वी या वेळी आमचे पत्ते चाललेले असायचे. मी एकट्याने पत्ते मांडून बघितले. एकट्याने हरताही येत नाही धड.

१२ जून

सेप्टिकच्या तपासणीला काउंटीचा माणूस आला. ट्रेलरच्या सांडपाण्याचा नळ घराच्याच सेप्टिक टाकीला जोडायचा, म्हणून टाकी कुठे आहे, कशी आहे, ते बघायचं होतं. टाकी मीच पुरली आहे. माझ्या हाताने. अक्रोडाच्या झाडाखाली.

त्याने लोखंडी काठी खुपसून बघितली. माती. दोन पावलं अलीकडे, माती. पलीकडे, माती. मी म्हटलं, मग विहिरीच्या बाजूला असेल. तिथेही माती. तो घड्याळाकडे बघायला लागला. म्हणाला, "आजोबा, टाकी सापडली नाही तर मला तसंच लिहावं लागेल. मग पुढची तारीख ऑगस्टमधली."

आजोबा म्हणाला. स्वतः पुरलेली टाकी! मला ते खणणं आठवतं, आर्डिस लिंबाचं सरबत घेऊन आली होती ते आठवतं, तिने पिवळा रुमाल बांधला होता. झाड कुठलं, ते तेवढं सुटतंय.

कुंपणाची तार वाजली. लोवेल ओलांडून येत होता. गुडघे दुखतात त्याचे, एक पाय टाकायला त्याला वेळ लागला. माझ्याकडे बघितलं नाही. सरळ प्लमच्या झाडाशी गेला, घराच्या कोपऱ्यापासून पावलं टाकली आणि टाच आपटली.

"इथे. खड्डा मी माझ्या यंत्राने खणला होता आणि याने मला बिअर कबूल केली होती. ती अजून यायचीय."

काठी खट्‌कन वाजली.

टाकी ठीक निघाली. त्या माणसाने सही केली आणि गेला. मी काही म्हणेपर्यंत लोवेल कुंपणाच्या पलीकडे पोचला होता. मी हात वर केला. त्यानेही केला, पण पाठमोराच. त्याला माझा दिसला होता की नाही, कोण जाणे.

१५ जून

ट्रिनाने विचारलं, "लोवेलकाकाशी बोललास का?" आमचं बिनसलंय हे हिला कोणी सांगितलं? मी म्हटलं, बोलतो. तिने ट्रेलर बघितलाय, जुनाच पण चांगला, दोन खोल्यांचा. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला येईल हेच चार वेळा विचारत होती. तिला ती माझ्या घराकडे तोंड करून हवी आहे. मी म्हटलं, अगं, दुसऱ्या बाजूला दरी दिसते, धुकं दिसतं, तिकडे कर. नको म्हणाली. पोरगी वेडी आहे. बापाच्या मागच्या दारात बघण्यासारखं काय आहे?

८ जुलै

शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या. हरकत घ्यायची असेल तर महिनाअखेरपर्यंत घ्यायची. तसे शेजारी तिघंच. दोघं कधी भेटत नाहीत, त्यामुळे त्यांची भीती नाही. लोवेलने मनात आणलं तर एका सहीत सगळं बंद पाडेल. आणि मी जे बोललो त्यानंतर त्याने तसं केलं, तर त्याला कोणी नाव ठेवणार नाही.

झोप नाही. ट्रिनाने तिकडच्या खोल्या सोडायचं घरमालकाला सांगूनही टाकलंय.

३१ जुलै

राहवेना, कचेरीत गेलो. ब्रायसने फाइल काढली.

"एकच शेजारी आले, सर. मिस्टर कीफर. ते स्वतः आले होते."

मी टेबल धरलं. "काय म्हणाला?"

"म्हणाले, लवकर द्या परवाना. हिवाळ्याच्या आत." ब्रायस जरा घुटमळला. "म्हणाले, रोज रात्री तुमच्या घरातला दिवा विझेपर्यंत ते झोपत नाहीत. आणि सकाळी धुराड्यातून धूर दिसला की मगच चहा टाकतात."

काय थाप! लोवेल कीफर आठच्या पुढे जागा राहिल्याचं कोणी ऐकलेलं नाही. कोंबड्या त्याच्यानंतर झोपतात.

पण मी खोटं पाडलं नाही. तिथेच बाकावर बसून राहिलो थोडा वेळ. मी त्याला चोर म्हटलं, आणि तो माझ्यासाठी कचेरीत जाऊन खोटं बोलला. डॉक्टर खोटं बोलल्या. ती मोजणीवाली पैसे न घेता गेली. पोरीला घर मिळावं म्हणून सगळे माझ्यासाठी आपली जीभ विटाळून घेताहेत.

घरी जाताना बिअर घेतली. बारा बाटल्या. लोवेलच्या पायरीवर ठेवल्या आणि दार वाजवलं.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"तिसेक वर्षं."

"ये आत."

बायकोबद्दल जे बोललो होतो, त्याची माफी मागायची होती. वाक्य जुळवत होतो, तोवर त्याने पत्ते वाटले. म्हणाला, "राहू दे ते. तुझी पाळी."

निघताना मी म्हटलं, "कचेरीत थाप मात्र छान मारलीस."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. मग खिडकीबाहेर शेळ्यांकडे बघून म्हणाला, "मारली ना."

११ ऑगस्ट

परवाना आला. दारावर लावायचा असतो, तसा लावला. "देखभालीची गरज असलेली व्यक्ती: ऑरिन हॅलक." छापलेलं नाव बघून कसंतरीच होतं. येताजाता नजर जाते. लोवेल म्हणाला, पावसाने भिजेल, आतल्या बाजूने लाव. आतून लावला. आता आतून दिसतो.

२७ ऑगस्ट

ट्रेलर आला! आख्खं घर ट्रकमागे डुलत डुलत वळणावरून आलं, पुढे पिवळ्या दिव्याची गाडी. देवदाराची एक फांदी तोडावी लागली. माणसांनी खुंट्यांच्या बरोबर मधोमध बसवलं, खाली ठोकळे रचले, वाऱ्याने हलू नये म्हणून जमिनीत पट्टे आवळले. मी आणि लोवेल खुर्च्या टाकून दिवसभर बघत बसलो होतो. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या मागच्या दाराकडेच आहे. आता काय.

माणसं गेली. आत एकटाच फिरून आलो. रिकाम्या घरात पाऊल वाजतं. माझ्या घरातही वाजतं, पण इथे पुढे कोणीतरी येणार आहे म्हणून वाजतं.

६ सप्टेंबर

ट्रिना आली. दोन खेपांत सगळं सामान संपलं. एवढंसं! सेहेचाळीस वर्षांच्या बाईचं एवढंसं सामान. मी तिला जवळ घेतलं. तिनेही मला मिठी मारली ती सोडेचना. मी म्हटलं, "आता तुला काही काळजी नाही. मी आहे इथे."

"हो, डॅड."

"आणि वर्षाने परवाना नवा करताना कोणाला संशय आला, तर? मी हिंडतोय, फिरतोय, हे दिसेलच की. ट्रेलर हलवायला लावतील तुला."

"त्याची नको काळजी करूस," ती म्हणाली. माझ्या कोटाची बटणं एक घर सोडून लागली होती, ती तिने काढून नीट लावली. बोलत बोलतच लावली. तिला लहानपणी मी अशीच लावून द्यायचो.

१० सप्टेंबर

ट्रिना रोज सकाळी येते, गोळ्या काढून देते, मगच कामाला बसते. परवान्यासाठी एवढं करायची गरज नाही म्हटलं. कोण येतंय बघायला? ती म्हणाली, सवय असलेली बरी.

आज तिने मासा भाजला. लोवेलही होता जेवायला. दोघांचं बरंच जमतं. मी बाहेरून लाकडं घेऊन आलो, तर बोलत होते ते थांबले.

२१ सप्टेंबर

शेवटच्या तपासणीला स्वतः ब्रायस आला. पायऱ्या बघितल्या, धूर झाला की वाजणारा भोंगा वाजवून बघितला, खालचे पट्टे ओढून बघितले. मोजणीच्या खुंटीपासून ट्रेलरपर्यंत मापाची फीत लावली: चौतीस फूट. मला माहीत होतं.

मग ट्रेलरच्या टेबलाशी बसला. एकीकडे मी, एकीकडे ट्रिना. म्हणाला, "एवढा एकच प्रश्न राहिला. त्याचं उत्तर मला माणसाच्या तोंडूनच ऐकावं लागतं, म्हणून विचारतो. इथे देखभालीची गरज कोणाला आहे, आणि कशी?"

ट्रिनाने तोंड उघडलं. पण माझ्याकडे बघून तिला काही बोलता येईना. कपाची कड अंगठ्याने घासत राहिली. लहानपणी खोटं बोलायची वेळ आली की तिचं असंच व्हायचं. म्हणून मी पुढे झालो.

मी काल रात्रभर तयारी केली होती. वाक्य पाठ होतं. माझे गुडघे गेलेत, पायऱ्या चढवत नाहीत, लाकडं उचलवत नाहीत. साधं, सोपं, कोणालाही पटेल असं.

"मला," मी म्हटलं. "माझ्या लक्षात राहत नाही. मी भांडी जाळतो. त्या दिवशी रस्त्यावर एल्क नव्हता. संध्याकाळ झाली की मला भीती वाटते. मला एकट्याला जमत नाही."

ब्रायस लिहायचं थांबला होता. मग त्याने मान खाली घातली आणि लिहिलं. बाहेर लोवेलची एक शेळी ओरडत होती.

ट्रिना उठली, माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. ब्रायस सही करून निघून गेला तरी काढले नाहीत. मीही हललो नाही.

पाठ केलेलं वाक्य वेगळं होतं.